पूर्णवेळ चित्रकार आणि त्याच्या वेळेचे मोल



'पूर्णवेळ' या शब्दाचा अर्थ या सभेत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे काय, त्याचे मानधन किती तुटपुंजे असते, ते कधी वेळेवर येते आणि कधी येतच नाही, आणि 'पण पोटापाण्याचे काय करता?' या प्रश्नाला त्याच्या घरच्या मंडळींना काय उत्तर द्यावे लागते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कार्यकर्ता दिवसभर जे करतो त्याची मोजदाद हजेरीपटावर होत नाही. म्हणून तो काहीच करीत नाही, असे चार लोक खुशाल म्हणतात. नेमका हाच अनुभव ज्याच्या वाट्याला येतो असा दुसरा माणूस म्हणजे पूर्णवेळ चित्रकार. नोकरी, शिकवणी, जाहिरातीचे काम यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ चित्रे काढून जगू पाहणाऱ्या माणसाचे काम कसे चालते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय कलेचा दिसत असला तरी प्रश्न श्रमाचा आहे, आणि म्हणून तो समाजवादी विचाराच्या कक्षेबाहेरचा नाही.

चित्रकाराविषयी समाजात एक समजूत रूढ आहे. त्याला म्हणे लहर येते, लहरीसरशी तो कुंचला उचलतो आणि घटकाभरात चित्र सिद्ध होते; उरलेला काळ तो आळसात घालवतो. ही समजूत किती पोकळ आहे हे पाहावयाचे तर वासुदेव गायतोंडे यांच्या जीवनाकडे पाहावे. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. गिरगावातील चाळीत ते वाढले. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा जणांनी १९४७ साली स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते पुढे जोडले गेले. आरंभीच्या काळात भारतीय लघुचित्रे आणि पॉल क्ली यांचा प्रभाव त्यांच्यावर होता. पुढे आकृती हळूहळू मावळली आणि रंग, पोत व प्रकाश एवढेच चित्रात राहिले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते; वस्तूशी संबंध नसलेली चित्रे, एवढेच ते म्हणत. चित्रांना नावे देण्याचेही त्यांनी पुढे सोडून दिले.

या चित्रकाराने वर्षभर पूर्णवेळ काम करून किती चित्रे काढावीत? पाच किंवा सहा. गिरणीचा मुकादम हे उत्पादन पाहील तर अशा कामगाराला दुसऱ्या दिवशी दारात उभे करणार नाही. परंतु ही पाच-सहा चित्रे कशी तयार होत हे समजून घेतले म्हणजे त्या संख्येचा अर्थ कळतो. गायतोंडे कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांचा वापर अधिक करीत. तैलरंगाचा एक पातळ थर कॅनव्हासवर द्यावयाचा, तो कितपत बसला हे पाहावयाचे, काही भाग खरवडून काढावयाचा, वर दुसरा थर चढवावयाचा. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून आणि उचलून ते पृष्ठभागावर आकार उमटवीत. त्यांतला कोणता आकार ठेवावयाचा आणि कोणता पुढच्या थराखाली बुडवावयाचा, याचा निर्णय त्या त्या वेळी होई. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही. त्यातील तेल हवेच्या संयोगाने घट्ट होण्यास दिवस लागतात, थर जाड असेल तर आठवडे लागतात. घाई करून वरचा थर चढविला तर तो पुढे तडकतो. म्हणजे वाट पाहणे ही या कामातील लहर नसून कारागिरीची अट आहे.

याखेरीज आणखी एक वाट पाहणे असते, आणि ते बाहेरून मुळीच दिसत नाही. रिकाम्या किंवा अर्ध्या झालेल्या कॅनव्हाससमोर गायतोंडे तासन्‌तास बसून असत. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम होता, आणि मौन हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. या बसण्याला आध्यात्मिक रंग देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यात कामाचा भाग होता हे ध्यानात घेतले पाहिजे. चित्राला पुढे काय हवे आहे आणि कोठे थांबावयाचे, हे ठरविण्याची ती वेळ होती. न्यायाधीशाने निकाल लिहिण्यापूर्वी केलेला विचार, वैद्याने औषध देण्यापूर्वी नाडीवर धरलेला हात, यांना आपण काम म्हणतो. चित्रकाराचे पाहणे मात्र आपल्या हिशेबात रिकामपण ठरते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे आहे. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले आणि १८९० साली तो मरण पावला. या दहा वर्षांत त्याने सुमारे साडेआठशे तैलचित्रे आणि हजाराहून अधिक रेखाटने केली. अखेरच्या सत्तर दिवसांत, ओव्हेर या गावी, त्याने दिवसाला एक या वेगाने चित्रे रंगविली. त्याच्या वेगाकडे पाहून एखाद्याला वाटेल की याला तर लहरीनेच ग्रासले होते. पण भाऊ थिओ याला लिहिलेली त्याची शेकडो पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांत रंगांच्या नळ्यांची मागणी, कॅनव्हासचे माप, मॉडेलला द्यावयाचे पैसे, खानावळीचे देणे आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग बसेल याचा तपशीलवार विचार सापडतो. एक चित्रकार महिनोन्‌महिने थांबतो, दुसरा रोज एक कॅनव्हास रंगवतो. तरी दोघांचेही सारे आयुष्य कामातच जाते. म्हणून चित्रांची संख्या मोजून चित्रकाराचे श्रम मोजता येत नाहीत. मोजावयाचेच असेल तर त्याने त्या कामाला दिलेले वर्ष मोजावे लागेल.

वर्ष हे परिमाण धरले की त्या वर्षाचा खर्च कोणी केला हा प्रश्न लगेच उभा राहतो. व्हॅन गॉगच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. पॅरिसच्या एका कलाविक्री पेढीत नोकरी करणारा थिओ त्याला बराच काळ महिन्याला दीडशे फ्रँक पाठवीत असे आणि पुढे ती रक्कम वाढली. आर्लच्या ज्या टपाल कर्मचाऱ्याची चित्रे त्याने काढली, त्या रूलँचा पगार महिना एकशे पस्तीस फ्रँक होता आणि त्यात मुलाबाळांचा संसार चालत होता. तेव्हा व्हिन्सेंटला मिळणारी रक्कम भिकेची नव्हती, पण तिच्यातून रंग, कॅनव्हास आणि मॉडेल यांचा खर्च वजा जात होता. महत्त्वाची गोष्ट ही की व्हिन्सेंटने हे पैसे दान म्हणून घेण्याचे नाकारले. १८८४ साली त्याने भावापुढे प्रस्ताव ठेवला की चित्रे थिओच्या मालकीची व्हावीत आणि दरमहाचे पैसे हा त्यांचा मोबदला समजला जावा. पगारावर काम करणाऱ्या माणसाचा स्वाभिमान या प्रस्तावात आहे. एका भावाच्या नोकरीवर आधुनिक चित्रकलेचे एक पर्व उभे राहिले. ज्यांना असा भाऊ नव्हता अशा किती चित्रकारांची दहा वर्षे वाया गेली, याची नोंद इतिहासात नाही.

गायतोंडे यांच्या पाठीशी भाऊ नव्हता; काही संस्था होत्या. पन्नासच्या दशकात आणि साठच्या आरंभी मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नट आणि संगीतकार यांना नाममात्र भाड्यावर काम करण्यास जागा मिळत असे. गायतोंडे आणि हुसेन तेथे काम करीत, अल्काझींची नाटके तेथे उभी राहत, रविशंकर यांचा वावर तेथे असे. चाळीच्या खोलीत जे माप शक्य नव्हते ते कॅनव्हासचे माप जागेमुळे शक्य झाले. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीच्या खर्चातील एक टक्का कलेसाठी वापरण्यास पंतप्रधान नेहरूंची संमती मिळविली आणि तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. त्यांत गायतोंडे यांचीही चित्रे होती. १९६४ साली रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यू यॉर्कला गेले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधील एका लहानशा बरसातीत राहून काम करू लागले. १९८४ साली झालेल्या अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली आणि पुढे कित्येक वर्षे मोठा कॅनव्हास हाताळणे त्यांना अशक्य झाले. कारखान्यातील कामगाराला अपघात झाला तर निदान कायद्याने भरपाई मागता येते. चित्रकाराला तीही सोय नसते. २००१ साली त्यांचे निधन झाले तेव्हा चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर फारशा कोणाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

यानंतरचा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. २०१३ सालच्या डिसेंबरमध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लक्ष रुपयांना विकले गेले. २०१४ साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. २०२५ सालच्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या लिलावात त्यांच्या १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटी ८ लक्ष रुपये आले. चित्र तेच, त्यावरील रंगाचा थरही तोच. मधल्या काळात त्यावर कोणी नवे श्रम केलेले नाहीत. तरीही किंमत वाढली ती कशामुळे? चित्रकाराच्या उरलेल्या आयुष्यभराच्या कामामुळे, समीक्षकांच्या लेखनामुळे, संग्रहालयांमुळे, आणि समाजात धनिकांच्या हाती साठलेल्या पैशामुळे. शहराजवळच्या जमिनीची किंमत मालकाने बोट न हलविता वाढते, तिला जॉन स्टुअर्ट मिलच्या काळापासून अर्थशास्त्रज्ञ अनर्जित वाढ म्हणत आले आहेत. चित्राच्या किमतीतील ही वाढ त्याच जातीची आहे.

फ्रान्समध्ये हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच ऐरणीवर आला. शेतकऱ्यांचे चित्रकार मिले यांचे 'एंजलस' हे चित्र त्यांनी सुमारे हजार फ्रँकांना विकले होते. मिले यांच्या निधनानंतर, १८८९ साली, ते लिलावात साडेपाच लाख फ्रँकांहून अधिक किमतीला गेले आणि त्यांच्या कुटुंबाला त्यातले काहीच मिळाले नाही. या प्रकरणाची चर्चा होत होत १९२० साली फ्रान्सने कायदा केला की जाहीर लिलावात होणाऱ्या चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळाला पाहिजे. भारतातही असा कायदा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ अ हे कलम आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाली तर चित्रकाराला वा त्याच्या वारसांना, कॉपीराइटची मुदत असेपर्यंत, किमतीत वाटा मागण्याचा अधिकार त्यात दिला आहे. वाटा किती हे ठरविण्याचे काम न्यायाधिकरणाकडे सोपविले होते, आणि कमाल मर्यादा दहा टक्के होती. कलम आले, परंतु सर्व चित्रांना लागू होईल असा दर आणि वसुलीची यंत्रणा उभी राहिली नाही. अधिकार व्यवहारात जवळजवळ कागदावरच राहिला. किमान वेतनाचा कायदा आहे पण निरीक्षक नाही, अशी स्थिती शेतमजुरांच्या चळवळीत काम केलेल्यांना नवी नाही.

येथे एक तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो. मार्क्सने अतिरिक्त मूल्याच्या सिद्धांतांवरील आपल्या लिखाणात मिल्टनचे उदाहरण घेतले आहे. 'पॅरडाइज लॉस्ट'चे मिल्टनला पाच पौंड मिळाले. रेशमाचा किडा ज्या सहजतेने रेशीम निर्माण करतो त्या सहजतेने त्याने ते काव्य निर्माण केले, म्हणून भांडवलशाहीच्या हिशेबात तो अनुत्पादक; आणि प्रकाशकाच्या आज्ञेनुसार ग्रंथ पाडणारा लेखक मात्र उत्पादक. मार्क्सने येथे मिल्टनला कमी लेखलेले नाही. त्याने त्या हिशेबाचे स्वरूप उघडे केले आहे. दुसऱ्या बाजूने बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की यंत्रामुळे इतर धंद्यांत माणशी उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांच्या मैफलीला बीथोव्हेनच्या काळी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. परिणामी कलेचा सापेक्ष खर्च सतत वाढतो. हा नियम चित्रकारालाही लागू पडतो. रंगाच्या नळ्या कारखान्यात तयार होतात, पण पाहण्याचा आणि ठरविण्याचा वेळ कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. तेव्हा हा खर्च बाजारावर सोडला, तर एक तर चित्रकार घाईने खपाऊ माल काढू लागेल, किंवा ज्याच्या घरी पैसा आहे तोच पूर्णवेळ चित्रकार होऊ शकेल. के. एच. आरा यांनी लहानपणी घरगडी म्हणून काम केले होते, हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगविले होते. बहुजन समाजातून आणि श्रमिकांच्या वस्तीतून असे चित्रकार पुढेही यावेत असे वाटत असेल, तर ती गोष्ट योगायोगावर सोडता येणार नाही.

मग शासनाने काय करावे? अनुभव दोन्ही प्रकारचे आहेत. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, सरकारने हजारो बेकार चित्रकारांना आठवड्याच्या वेतनावर घेतले. त्यांच्याकडून शाळा आणि रुग्णालये यांसाठी भित्तिचित्रे आणि एक लाखाहून अधिक चित्रे झाली. पोलॉक आणि रॉथको यांच्यासारख्यांनी उमेदीची वर्षे या वेतनावर काढली. नेदरलँड्समध्ये १९४९ पासून गरजू कलावंतांची कामे शासन विकत घेत असे. त्या योजनेने अनेकांना तारले, पण हजारो कलाकृती गोदामांत साठत गेल्या आणि १९८७ साली योजना बंद करावी लागली. वस्तू विकत घेण्यावर भर दिला की असे होते. सोव्हिएत रशियात १९३४ नंतर शासन हाच एकमेव आश्रयदाता झाला, आणि त्याने विषय व शैली दोन्ही ठरवून दिल्या. वेतन मिळाले, पण चित्रकाराचा निर्णय गेला. आयर्लंडने २०२२ साली वेगळा प्रयोग केला. दोन हजार कलावंतांना, काय निर्माण करावे अशी अट न घालता, आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना सुरू झाली आणि पुढे तिची मुदत वाढविण्यात आली. या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की समाजाने वेळ द्यावा आणि विषय चित्रकारावर सोडावा.

या विवेचनावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. कापसाला भाव नाही, गिरण्यांच्या जागी मनोरे उठले, शाळांत शिक्षक नाहीत, अशा वेळी पाच-सहा चित्रे काढणाऱ्याची चिंता समाजवाद्यांनी का करावी? शिवाय ज्याला अर्थच कळत नाही अशा चित्राशी श्रमिकाचा संबंध काय? या आक्षेपाचे उत्तर चळवळीच्या इतिहासातच आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी हुसेन यांना सुचविले की धनिकांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडा आणि सामान्य जनतेच्या मनात जे रामायण आहे ते रंगवा. लोहियांचे १९६७ साली निधन झाले. त्यानंतर त्यांचे सहकारी बद्रीविशाल पित्ती यांच्या हैदराबाद येथील घरी राहून हुसेन यांनी काही वर्षांत सुमारे दीडशे चित्रांची मालिका पूर्ण केली, आणि ती चित्रे खेड्यांतल्या लोकांपुढे नेली. तेथे कोणी अर्थ विचारला नाही, असे हुसेन सांगत. पित्ती यांनी जागा आणि वेळ दिला. रेषा कशी काढावी हे सांगितले नाही. त्याच हुसेन यांना धर्मांधांच्या दडपणामुळे २००६ साली देश सोडावा लागला आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, हेही विसरून चालणार नाही. पोटाला मिळाले तरी निर्भयता नसेल तर चित्रकाराचे काम थांबते.

आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी कामगार लढले ते केवळ झोपण्यासाठी नव्हे. उरलेल्या वेळेत माणूस म्हणून जगता यावे, ऐकता यावे, पाहता यावे, ही मागणी त्यात होती. चित्रकार पूर्णवेळ पाहतो. त्याच्या पाहण्याचे फळ एखाद्या खाजगी तिजोरीत बंद होऊन पडत असेल तर दोष त्याच्या चित्राकडे नसून मालकीच्या व्यवस्थेकडे आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी हाती घ्याव्यात अशा चार मागण्या येथे मांडणे उचित होईल. पहिली मागणी ही की नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शासन यांच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या खर्चातील एक टक्का चित्र-शिल्पासाठी राखावा. भाभांनी एका संस्थेत ते करून दाखविले आणि फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळांच्या इमारतींसाठी तसा नियम आहे. दुसरी मागणी, पडून असलेल्या सार्वजनिक इमारती चित्रकारांना नाममात्र भाड्याने कामासाठी द्याव्यात. तिसरी, कॉपीराइट कायद्यातील पुनर्विक्रीच्या वाट्याचा दर निश्चित करून वसुलीची यंत्रणा उभी करावी. एक टक्का दर धरला तरी २०२५ सालच्या त्या एका विक्रीतून सदुसष्ट लक्ष रुपये निघतात. वारस नसतील तेथे ही रक्कम तरुण आणि अपघातग्रस्त चित्रकारांच्या निधीत जावी, अशी दुरुस्तीही मागता येईल. चौथी, शाळांतील चित्रकला शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. कारण ज्या मुलाला कोणी पाहावयास शिकविलेच नाही त्याच्यापुढे उद्या कोणतेही चित्र ठेवले तरी ते मुकेच राहील.

यांपैकी पहिल्या दोन मागण्यांसाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. ज्या ज्या पालिकेत आपले दोन-तीन सभासद आहेत, तेथे पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत एक ठराव मांडून त्यांचा आरंभ करता येईल.